फायबरच्या नावेला कारचा पीयू रंग चालतो का?

मानेवाडा_वल्हे

नमस्कार मंडळी. एका रिसॉर्टने मोडीत काढलेली बारा फुटी फायबरची नाव घेतली आहे. सध्या अंगणात विटांवर उलटी पडून आहे आणि घरातून रोज विचारणा होते की हे धूड हलणार कधी. जायची आहे भंडारा जिल्ह्यात साळ्याकडे, त्यांच्या मच्छीमार सोसायटीकडे एक जुना मालगुजारी तलाव ठेक्याने आहे.

वरचा निळा रंग खडूसारखा हाताला लागतो. तळाला वाटाण्याएवढे फोड आहेत. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, कारचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून देतो, शोरूममधल्या गाडीसारखी चमकेल. बोटीचा खास रंग बाहेरून मागवावा लागेल आणि त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला. कारचा रंग पाण्यात टिकेल का? पावसाच्या आत काम उरकायचं आहे.

कामठी_रोड_पेंटर

भाऊ, पहिले हे सांगा, नाव पाण्यातच राहणार की काम झालं की काठावर ओढून ठेवणार? सारा खेळ इथेच आहे नं. माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम. मधून मधून तलावावरच्या नावाही येतात माझ्याकडे, म्हणून सांगून राहिलो.

कारचा रंग पाऊस सोसते, बुडून राहणं सोसत नाही. गाडीवर पाणी पडते अन् वाहून जाते. नाव आठवडाभर तलावात उभी राहिली की पाणी हळूहळू रंगाच्या आत शिरते आणि तळाला फुगे येतात. बोटीच्या महागड्या चकचकीत पीयूचंही हेच आहे, त्या कंपन्याही पाण्याखाली सतत राहणाऱ्या भागाला तो लावू नका म्हणतात. म्हणजे डब्यावर कार लिहिलं का बोट, हा प्रश्न नाहीच.

पाण्याच्या रेषेच्या वर दोन डब्यांचा पीयू, म्हणजे हार्डनरवाला, बिनधास्त मारा. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, मारू नका, आपल्या उन्हात तो लवकर मरते. मेटॅलिकच्या नादी लागू नका. त्याला बेस अन् वरून क्लियर लागते, आणि नाव काठावर घासली की पॅच लपत नाही. साधा सॉलिड रंग घ्या, तोही पांढरा किंवा फिका. गडद रंग मेच्या उन्हात इतका तापते की आतल्या काचेच्या जाळीची नक्षी वर उमटते.

पाण्याखाली फक्त एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा रेझिनचा रंग, तोही बुडून राहण्यासाठी बनवलेला. गाडीवर प्राइमरचा एखादा हात पुरते. इथे एकूण पाव मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे चार-पाच हात मोजूनच चला. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, पांढरा पडते. उन्हाळ्यात नाव उलटी ठेवाल तेव्हा ताडपत्री टाका.

आता फोड. त्याच्यावरून रंग मारणारा पेंटर दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एक फोड फोडून वास घ्या. सिरक्यासारखा आंबट आला तर पाणी फायबरच्या आत गेलं आहे. सगळे फोड उघडा, गोड्या पाण्याने चांगले धुवा आणि वाळू द्या, आठवडे लागतात. इथे आपलं नागपूरचं ऊन कामी येते, कोकणवाल्यांना एवढं फुकटात नाही मिळत. वाळलं का ते पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून घाम दिसला की अजून थांबा. मग खड्डे एपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा. गॅरेजमधली नेहमीची पॉलिएस्टर लांबी तळाला नको, ती पाणी पिते.

मानेवाडा_वल्हे

सविस्तर सांगितलंत, आभार. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत नाव पाण्यातच बांधलेली असणार. जुना निळा रंग पूर्ण खरवडावा लागेल का? आणि खडूसारखं होतं ते काय आहे?

कामठी_रोड_पेंटर

थिनरचा बोळा थोडा वेळ दाबून ठेवा. रंग विरघळून बोळ्याला आला तर आधी कोणीतरी इनॅमल किंवा एनसी मारला आहे. तो सगळा काढा, नाहीतर वरचा पीयू त्याला सुरकुतवून उचलते. विरघळला नाही आणि घट्ट असेल तर बहुतेक मूळ जेलकोटच, म्हणजे फायबरवरचा कारखान्यातला रंगीत थरच आहे, उन्हाने वरचा थर खडू झाला. तो घासून कडक थर लागला की पुरे.

घासायच्या आधी मेण काढा, वॅक्स रिमूव्हरने. आधी पेपर मारला तर मेण ओरखड्यात जाऊन बसते. मग वरून पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर साफ, थेंब थेंब झालं तर पुन्हा पुसा. एपॉक्सीखाली १२० नंबरचा पेपर, पीयूखाली ३२० ते ४००. पीयूच्या आधी आरसा करून ठेवला तर रंग धरायला जागाच राहत नाही.

बुटीबोरी_शिफ्ट

मी कारखान्यात पेंट लाइनवर आहे. वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली आणि ती मला रंगापेक्षा मोठी वाटते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनने उडवलं की त्याचा धुका श्वासात जातो आणि दमा लागू शकतो. एकदा शरीराने धरलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून अंगणात फवारा मारायचा विचार असेल तर सोडून द्या. कोरोनाचा मास्कही कामाचा नाही. बाहेरून हवा येणारा मास्क सगळ्यात चांगला. तो नसेल तर गन हातात घेऊ नका, रोलर आणि ब्रशने लावा. थोडी कमी चमकेल, पण माशांना फरक पडत नाही. तेव्हाही सेंद्रिय वाफ अडवणारं कार्ट्रिज लावलेला मास्क आणि हातमोजे हवेतच. अंगणात लहान मुलं असतील तर त्या दिवशी त्यांना आजोळी पाठवा.

नवेगाव_कडचा

आमच्याकडे घरात जुना लाकडी डोंगा आहे. हे वाचून कोणी डोंग्याला पीयू मारायला जाईल म्हणून लिहितो. लाकूड पाण्यात फुगते, उन्हात आकसते. कडक रंग त्याच्यासोबत हलत नाही, तडकते, आणि त्या तडीतून पाणी आत जाऊन लाकूड सडते. आम्ही डांबरच लावतो.

बाकी वल्हेभाऊ, तळाला तांब्याचा विषारी रंग कोणी सुचवला तर घेऊ नका. तो समुद्रातल्या शिंपल्यांसाठी असते. आपल्या तलावात शेवाळ येते, ते काथ्याने निघते. ज्या पाण्यात मासोळी वाढवायची त्यातच विष कशाला? आणि सोसायटीवाले नाव मुरमावरून फरफटत नेतील हे धरूनच चाला. मधल्या कण्याखाली फायबरची एक जादा पट्टी एपॉक्सीत बसवून घ्या, मगच रंग.

मानेवाडा_वल्हे

पट्टीचं डोक्यातच नव्हतं. रोलरनेच लावतो. मे महिन्यात ४५ अंशात रंग लावला तर चालेल?

कामठी_रोड_पेंटर

दुपारी लावला तर रोलरखालीच ओढला जाईल आणि लाटा उठतील. सकाळी नऊच्या आत, सावलीत लावा, दुकानात स्लो, म्हणजे हळू उडणारा थिनर मागा. डब्यावर जे प्रमाण लिहिलं तेच घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त ओतणारे लोक आहेत, ऐकू नका. पाण्याची रेषा आखताना दोन माणसं आणि जाळी धरून नाव किती बसते ते साळ्याला विचारा, आणि एपॉक्सी त्याच्या चार बोटं वर न्या. शेवटचा हात झाला की निदान सात दिवस पाण्यात टाकू नका, हाताला कोरडा लागला तरी. म्हणजे मेच्या शेवटापर्यंत रंगकाम उरकायला पाहिजे. फोड आजच उघडा.