मदत हवी आहे: उजनीत सायप्रिनससाठी (कॉमन कार्प मासा) हंगामभर टाकायचा चारा कोणता?

मंडळी, भिगवणकडच्या बॅकवॉटरला रीतसर परवानगी काढून गळ टाकतो. यंदा एकच जागा धरून दिवाळीपासून होळीपर्यंत दर तिसऱ्या दिवशी चारा टाकायचा विचार आहे. मासे त्या जागेला सरावले पाहिजेत, एवढाच हेतू. चारा कोणता, इथेच गाडी अडली आहे.

मोठी अडचण चिलापीची, म्हणजे तिलापिया माशांची. कणकेचा गोळा किंवा पेंड तळाला टेकते न टेकते तोच ती फस्त करतात. त्यामुळे मऊ आमिष बाद. मका स्वस्त आणि टणक. चोवीस तास भिजवून, उकडून टाकतो, कारण कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो. पण महिनोन्‌महिने नुसत्या मक्यावर सायप्रिनस टिकेल का? त्याला जठर नसतं, घशातल्या दातांनी दळून थोडं थोडं सतत खातो. म्हणून पचायला हलकं आणि पौष्टिक असं काही हवं, असं मला वाटतं.

दुसरा पर्याय घरी उकडलेल्या कडक गोळ्या, म्हणजे बॉइली: शेंगदाणा पेंड, रवा, सोयापीठ, अंडी. सुकटीची पूड घालू का? की थंडीत तेलकट माल जड जाईल? शिवाय पेंडीला बुरशी धरते, आणि बुरशीची पेंड मला पाण्यात टाकायचीच नाही.

ज्यांनी असा हंगामभर चारा टाकलाय त्यांनी सांगा: गोळी केवढी ठेवलीत, एका वेळी किती किलो, आणि मध्येच आमिष बदललं तर मासे जागा सोडतात का?