तेल बंद, पण कुंद्यासारखी मिठाई चालूच?

'शेंगतेल बंद केलं की इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीरानं इन्सुलिनला नीट दाद न देणं) जाईल' असं या चर्चेत कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. त्रास होतो तो स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या चरबीचा, त्यातही मुख्यतः दोन रेणूंचा. डायअॅसिलग्लिसरॉल यकृतात पीकेसी-एप्सिलॉन हे एन्झाइम जागं करून इन्सुलिनचा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवर इन्सुलिनचा संदेश पकडणारं प्रथिनच, मंदावतं. दुसरा रेणू सिरॅमाइड; तो पुढच्या टप्प्यावर, हा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या एकेटी प्रथिनाला अडवतो. मग स्नायूत ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-४ प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर पुरेशी येत नाहीत आणि साखर रक्तातच राहते.

सिरॅमाइडचा कच्चा माल म्हणजे पामिटिक आम्ल, तेला-तुपातलं एक मेदाम्ल. शेंगतेलात ते साधारण १० टक्के, पामतेलात ४४ च्या आसपास. पण जादा साखरेपासून यकृत तेच आम्ल स्वतः तयार करतं, हे चर्चेत कुणी लिहिलंच नाही. भाकरीबरोबरच्या चटणीवरचं तेल सोडलं आणि कुंदा, गोड चहा तसाच ठेवला, तर हाती फारसं काही लागत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत सिरॅमाइड कळत नाही. उपाशीपोटीचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर आणि कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीपेक्षा जास्त असेल तर यकृताची सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पँटच्या पट्ट्यावर मोजली तर आकडा अनेकदा कमी येतो.