सुपरहिट मुकाबल्याने आपले कान बिघडवले म्हणे!

कुशावतीकाठ
परवा दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरच्या 'सुपरहिट मुकाबला' या सिनेगीतांच्या काउंटडाऊनबद्दल 'डिचोलीचा नटसम्राट' यांनी इथे लिहिले: "बाबा सेहगलचा सुपरहिट मुकाबला आला आणि गाण्याची शर्यत झाली. गाणे चांगले की वाईट हे कुणी विचारेना, कितव्या नंबरावर एवढेच उरले. गोव्यातल्या घराघरांतला कान त्या एका कार्यक्रमाने बिघडवला." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग बघून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाण्यांना नंबर लावायचे खूळ दूरदर्शनने काढलेले नाही. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी एकेक पायदान चढवत होते तेव्हा आपल्याकडे टीव्ही होता कुठे? आणि तो कार्यक्रम कोलंबोहून का ऐकावा लागला, तर केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. माणूस आपला मराठी, शास्त्रीय संगीताचा कैवारी. पण लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि सिलोन लावले. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. लोकांचा कान 'सुधारायला' गेले की हे असे होते.

दुसरे. मेट्रो वाहिनी मुळात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या ४ शहरांची. १९९३ मध्ये ती उपग्रहावर गेली आणि आमच्या केप्याकडे केबलवाल्याच्या कृपेने दिसू लागली. त्याआधी चित्रहारमध्ये जे लावतील ते बघायचे, हेच गाणे का, असे विचारायची सोय नव्हती. काउंटडाऊन आला आणि आमच्या घरात पहिल्यांदा गाण्यावरून भांडणे झाली. 'बाजीगर' वर की 'खलनायक', यावर ताई आणि मी जेवताना तावातावाने बोलायचो. त्या भांडणासाठी गाणे पुन्हा पुन्हा ऐकावे लागायचे, चाल कुठे वळते ते सांगावे लागायचे. कान बिघडतात ते असे?

डिचोलीचा नटसम्राट
तुमच्या ताईचे ठीक आहे हो. आमच्या गावात काय झाले ते ऐका.

आमच्या जत्रेत दरवर्षी नाटक, तेही संगीत नाटक. वडील पेटीवर. तालमी देवळाच्या सभामंडपात, दोन-अडीच महिने. मुकाबल्याची रात्र आली की निम्मी पोरे गायब. वडील पेटी उघडून बसलेले आणि समोर फक्त प्रॉम्प्टर! पुढे पुढे पोरांनी सांगितले, दोन अंकांच्या मध्ये पडद्यापुढे रेकॉर्ड डान्स ठेवला तरच आम्ही नाटकात. कुठले गाणे? त्या आठवड्यात पहिल्या नंबरावर असलेले. नांदी म्हणायला माणूस मिळेना आणि 'तू चीज बडी है' नाचायला सहा जण तयार. वडिलांनी दोन जत्रा सोसले आणि पेटी घरी आणून ठेवली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, मला केसकर सांगू नका.

आणि तो नंबर तरी खरा होता का? कॅसेट कंपन्यांनी पैसे चारून गाणी वर चढवली, हे सगळ्यांना माहीत आहे.

म्हादई
'सगळ्यांना माहीत आहे' हा पुरावा नव्हे. तुमच्या हाती काही असेल तर मांडा, नसेल तर ते वाक्य मागे घ्या. बिनाकाच्या वेळी निदान रेकॉर्ड दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रे असा काही हिशेब तरी होता.

डिचोलीचा नटसम्राट
बरे, ते वाक्य सोडा. नाटकाचे मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

पेडण्याचा बाबू
नाटक मुकाबल्याने मेले म्हणता, मग आमच्या पेडण्यात दशावतार कसा जगला? आमच्याकडे काय केबल नव्हती? रात्री काउंटडाऊन बघून पोरे तशीच उठून दहीकाल्याच्या दशावतारी नाटकाला जायची. तुमच्या गावच्या मंडळींनी नव्या पोरांना कधी चांगली भूमिका दिली होती का, ते आधी सांगा. चाळिशीचा नायक आणि पोरांनी पडदा ओढायचा, मग ती टीव्हीसमोरच बसणार.

हळदोण्याची सून
तुम्ही दोघे नंबरावरून भांडताय, माझी तक्रार वेगळीच आहे. माझे माहेर फोंड्याचे, लग्न होऊन हळदोण्याला आले ते याच वर्षांत. माझी एक वही होती: गाणे, सिनेमा, गायक, संगीतकार. झी वर पंकज कपूर आणि सतीश कौशिकचा फिलिप्स टॉप टेन लागायचा, त्याचीही पाने त्यात आहेत. शेजारी एक म्हातारे अंकल, उभी हयात मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवून गावी परतलेले. त्यांच्याकडे केबल नव्हती. आमच्या सोप्यावर येऊन खिडकीतून ऐकायचे. जुने गाणे लागले की डाव्या हाताची बोटे सोप्याच्या कडेवर तारांवर पडावीत तशी पडायची, कडव्याआधीचा तुकडा संपला की थांबायची. एकदा माझी वही चाळून म्हणाले, "बाय, इतकी नावे लिहिलीस, पण हे वाजवले कुणी?"

गीतमाला घ्या, छायागीत घ्या, मुकाबला घ्या, अरेंजरचे, म्हणजे चालीवरून वाद्यांची रचना लिहिणाऱ्याचे, नाव यांपैकी कुणी घेतले? शंकर-जयकिशनच्या मागे सॅबेस्टियन डिसोझा होते. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, ते तर आमच्या हळदोण्याचेच. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि १९७७ मध्ये शिष्याने गुरूचे नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात घातले. अख्खा देश ते नाव गातो, पण असा माणूस खरोखर होता हे किती जणांना ठाऊक आहे?

घुमटवाला
झाले सुरू! गोवा म्हटले की व्हायोलिन आणि ट्रम्पेट. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीच्या, केसरबाई केरीच्या. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, पण यांच्या टॉप टेनमध्ये तिला जागा नव्हती. आमची नाट्यपदे, घुमट या मातीच्या चर्मवाद्यावरच्या आरत्या, भजने, यांतले काय दिसले त्या मेट्रोवर? मराठी गाणे त्या काउंटडाऊनमध्ये कधी ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. त्यावर एक शब्द नाही आणि हॉटेलांत बॅण्ड वाजवणाऱ्यांसाठी अश्रू. चाल महत्त्वाची. चार व्हायोलिने मागे कुणीही भरतो.

हळदोण्याची सून
'कुणीही भरतो'? एकदा भरून दाखवा. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. त्यातून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा, व्हायोलिने कुठे उचलायची, चेलो कुठे खाली ठेवायचा, कडव्याआधी किती मात्रांचा तुकडा हवा, हे सगळे अरेंजरने करायचे. समोर साठ-सत्तर वादक, एकच माइक, एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ते कागद वाचता येणारे वादक गोव्यातून का गेले? तर चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलेखन शिकवत. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक खोलीत, ट्रंकेवर डोके ठेवून झोपणारी ही माणसे होती. त्यांना हॉटेलातले बॅण्डवाले म्हणून मोकळे होऊ नका.

घुमटवाला
मी कुणाच्या धर्मावर बोललो नाही, तसे सुचवू नका.

हळदोण्याची सून
मीही नाही. पण दीनानाथ मंगेशीचे, म्हणून लताबाई आपल्या, हे आपण छाती फुगवून सांगतो. मग माजोर्ड्याचा माणूस कुणाचा? १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात गोन्साल्विसनी आपला सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात लताबाई गायल्या, मन्ना डे गायले. मंगेशी आणि माजोर्डा एका मंचावर येऊन गेले. आपण मराठीवाल्यांनी त्याचे किती कौतुक केले? २०१२ मध्ये ते गेले, तेव्हा माझ्या माहेरच्या ग्रुपवर कुणाला नावही ठाऊक नव्हते. सगळे गाणारे-वाजवणारे लोक, बरं का.

म्हादई
वरचे केसकरांचे प्रकरणही नावांवरूनच चिघळले होते. गाण्याबरोबर सिनेमाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे आकाशवाणीने ठरवले आणि निर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. म्हणजे निर्माता आपल्या सिनेमाच्या नावासाठी सरकारशी भांडू शकला. वादकासाठी भांडायला कोण होते? त्या दिवसाचे पैसे घ्यायचे आणि लोकल पकडायची.

पेडण्याचा बाबू
गायक रेमो फर्नांडिसला विसरू नका. १९९५ मध्ये 'बॉम्बे'तले 'हम्मा हम्मा' लागले की आमच्या वाड्यावर आरडाओरडा व्हायचा, "शिवोलीचा, शिवोलीचा!" तो पडद्यापुढे गाणारा, म्हणून त्याचे नाव तरी कळले.

कुशावतीकाठ
मी लिहिले कशावर आणि चर्चा गेली कुठे. तरी ताईंचे म्हणणे मला पटते, आणि माझा मुद्दा त्याने पडत नाही. काउंटडाऊन होता म्हणून यांनी वही केली, वही होती म्हणून अंकलनी प्रश्न विचारला. चित्रहार बघून कुणी वही केली होती?

डिचोलीचा नटसम्राट
मी केली होती. नाट्यपदांची. राग, ताल, मूळ चाल कुणाची, साथीला कोण, सगळे त्यात आहे. आमच्या जत्रेत सूत्रधार नांदीनंतर पेटीवाल्याचे आणि तबलेवाल्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे. ताईंनी मांडले ते शंभर टक्के मान्य, कारण हा शिरस्ता आमच्या मंडपात होता आणि तुमच्या त्या मुकाबल्यात नव्हता. कुशावतीकाठ यांचे मात्र मला अजून काही पटलेले नाही.

घुमटवाला
'कुणीही भरतो' हा शब्द जड गेला असेल तर सोडून द्या. पण घुमट वाजवणाऱ्याचेही नाव कुणी घेत नाही, तेही लिहा त्या वहीत.

हळदोण्याची सून
नावे द्या, लिहिते. चवथीला तुमच्या वाड्यावर आरतीला घुमटावर कोण, शामेळ या ढोलावर कोण, कासाळे म्हणजे झांजा कोणाकडे, गावासकट सांगा. आणि नटसम्राट, वडिलांच्या पेटीचे काय झाले? वाजती आहे का?

डिचोलीचा नटसम्राट
भाता फाटलाय. म्हापशात दुरुस्त करणारा कुणी असेल तर कळवा.