आधी शाळा, बाकी सगळं मागून? साफ असहमत

उंबरठा:
काल 'जुना फळा' यांनी इथे लिहिलं की मोडून पडलेला देश उभा करायचा तर आधी शाळा काढा, श्रद्धा आणि एकी आपोआप मागून येतात. दाखले कोरिया आणि जपानचे. चार ओळींचा प्रतिसाद द्यायला बसलो, त्या चार राहिल्या नाहीत, म्हणून हा वेगळा धागा.

कोरियाचं खरं आहे. १९४५ मध्ये जपानी राजवट गेली तेव्हा तिथे दर चारांत तिघांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पुढे युद्ध चालू असताना बुसानमध्ये तंबूंत वर्ग भरले. त्यापुढे मी हात जोडतो. पण त्या तंबूत पोराला पाठवणाऱ्या आईचा कशावर तरी भरवसा होता ना? मास्तर उद्याही येईल, पोर संध्याकाळी घरी परतेल, शिकलेलं कधीतरी उपयोगी पडेल. हा भरवसा तिला शाळेने दिला नव्हता. तो घेऊनच ती शाळेच्या दारात आली होती.

आणि शिक्षणाने माणूस शहाणा होतो, हे कोणी ठरवलं? जानेवारी १९४२ मध्ये ज्यूंच्या संहाराची आखणी करायला बर्लिनमधल्या वान्झेला १५ नाझी अधिकारी बसले, त्यांतल्या ८ जणांकडे डॉक्टरेट होती. रवांडात १९९४ साली तुत्सींच्या वंशसंहारात ज्या रेडिओने आग ओतली, त्याच्या संस्थापकांत फर्दिनां नाहिमाना हा इतिहासाचा प्राध्यापक होता.

घरातलं सांगतो. माझे आजोबा-आजी एका रात्रीत परागंदा झाले. आजीला सही येत नव्हती, अंगठा. छावणीत तिने पहिल्या आठवड्यात एकच केलं: संध्याकाळी जो येईल त्याला, तो कुठला हे न विचारता, शेजारी बसवून प्रार्थना. महिनाभराने त्याच घोळक्यातल्या एकाने पोरांना अक्षरं शिकवायला घेतली, जमिनीवर, काडीने. आधी काय आणि नंतर काय, हे मला कोणी पुस्तकातून सांगू नये.

जुना फळा:
आजींबद्दल आदर आहे. पण तुम्ही 'श्रद्धा' म्हणून सुरुवात केलीत आणि मध्येच 'भरवसा' म्हणायला लागलात. या दोन गोष्टी एक नाहीत. शेजाऱ्यावरचा भरवसा हवा, हे कोण नाकारतंय? देवावरच्या श्रद्धेचं बोलायचं तर तुमच्याच रवांडाला चला. एप्रिल १९९४ मध्ये लोक जीव वाचवायला देवळाकडे धावावं तसे चर्चकडे धावले. न्यांगेच्या चर्चमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं होती. ते चर्च बुलडोझर लावून त्यांच्या अंगावर पाडलं, आणि त्यातल्या भूमिकेसाठी तिथल्याच पाद्र्याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. मारणारे आणि मरणारे दोघेही एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे होते. २०१७ मध्ये पोपनी चर्चच्या वतीने माफी मागितली. वान्झेतल्या डॉक्टरेट मोजताना हेही मोजा.

काडीने अक्षरं शिकवणारा तो गृहस्थ तरी कुठून शिकला होता? शाळेतूनच ना?

सांजवेळ:
दक्षिण आफ्रिकेचा दाखला दोघांनीही घेतला नाही. वर्णद्वेषी राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी १९९६ मध्ये सत्य आणि सलोखा आयोग बसला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. ज्याने गुन्हा केला त्याने सगळं खरं सांगायचं, तर माफीचा विचार. वकिलांच्या देशात ही कल्पना एका धर्मगुरूने पेलली, कारण पश्चात्ताप आणि क्षमा हे शब्द त्याच्या रोजच्या वापरातले होते. कंबोडियाही घ्या. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते ७९ मध्ये शिक्षक मारले आणि भिक्खूंची चीवरंही उतरवली. नॉम पेन्हमधली एक शाळाच तुरुंग झाली, तुओल स्लेंग. पुढे १९९२ मध्ये निर्वासितांना घेऊन गावोगाव चालत निघाले ते महाघोषानंद हे भिक्खू. शिक्षणमंत्री नव्हे.

जुना फळा:
दक्षिण आफ्रिकेचं नाव काढलंत ते बरं झालं. १९५३ चा बांटू शिक्षण कायदा विसरलात का? काळ्या मुलांना हमालीपुरतंच शिकवायचं, अशी ती शाळा. त्याविरुद्ध १९७६ मध्ये सोवेटोत उठली ती शाळकरी पोरं.

सांजवेळ:
म्हणजे शाळेनेच देश फोडला! हेच तर आम्ही म्हणतोय. तुमचा दाखला तुमच्यावरच उलटला.

खडू:
एकोणतीस वर्षं मास्तरकी केली, म्हणून मध्ये पडतो. शाळा आधी की श्रद्धा आधी, हा वाद मला पटत नाही. प्रश्न बाकाचा आहे. कोणाशेजारी कोण बसतं.

बोस्नियात १९९५ ला युद्ध थांबलं. शाळा बांधल्या, छपरं घातली, पैसा आला. पण पन्नासेक शाळांत एकाच छपराखाली दोन शाळा चालू राहिल्या: कॅथलिक क्रोएट मुलांचं दार वेगळं, मुस्लिम बोस्नियाक मुलांचं वेगळं, पुस्तकंही वेगळी. मोस्तारचा पडलेला पूल २००४ मध्ये दगडावर दगड ठेवून पुन्हा उभा राहिला, बाक मात्र जोडता आले नाहीत. यायत्से गावात आणखी एक वेगळी शाळा काढायचा घाट घातला, तेव्हा दोन्हीकडची मुलं मिळून रस्त्यावर आली आणि २०१७ मध्ये तो बेत बारगळला.

माझ्या वर्गात, बाहेर दंगल होऊन गेल्यावर, दोन मित्रांचे पालक दोन दिवसांच्या अंतराने आले. दोघांची मागणी एकच: आमच्या मुलाचा बाक बदला. मी बदलला नाही. वरून दम मिळाला तरी नाही.

पाटीपेन्सिल:
खडू सर, बाक ठीक आहे, पण त्या बाकावर पुस्तक कोणतं उघडायचं? माझ्या शाळेत इतिहासाच्या बाईंनी एका तासाला गोंद आणला आणि दोन पानं चिकटवायला सांगितली. आमच्या लोकांनी दुसऱ्यांचं काय केलं, ते त्यात होतं. कारण सांगितलं की एकी टिकली पाहिजे. त्या रात्री वर्गातल्या प्रत्येकाने वाफेवर धरून ते पान सोडवलं. बाकीचं पुस्तक कोणी वाचलं नसेल, ती दोन पानं मला आजही पाठ आहेत. आणि तेव्हापासून त्या बाईंच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसला नाही.

जपानमध्ये १९४५ च्या शरदात मुलांनीच शाई-कुंचल्याने आपल्या पुस्तकांतल्या युद्धाच्या ओळी काळ्या केल्या. काल ज्या ओळी घोकून घेतल्या त्याच आज पुसायला लावणारे मास्तर तेच! त्या मुलांनी गुरुजींवर काय श्रद्धा ठेवायची?

उंबरठा:
धागा इतिहासाच्या पुस्तकावर घसरतोय.

सांजवेळ:
घसरू दे, मला यावर बोलायचंय. पाटीपेन्सिल, रवांडाने १९९४ नंतर शाळांत देशाचा इतिहास शिकवणंच कित्येक वर्षं थांबवलं होतं. वर्गात मारणाऱ्याचं मूल आणि मेलेल्याचं मूल शेजारी बसलेलं असताना काय वाचून दाखवणार होतात? काही गप्प बसणं औषधासारखं असतं.

पाटीपेन्सिल:
गप्प कोणी बसायचं, हे नेहमी ज्याचं काही गेलेलं नसतं तोच ठरवतो. त्याच रवांडात पुढे गावोगाव गचाचा न्यायसभा बसल्या, २०१२ पर्यंत. गवतावर बसून, शेजाऱ्यांसमोर, कोणी कोणाला मारलं ते नावानिशी बोललं गेलं. मोठ्यांना ते ऐकवता येतं, मग मुलांनाच गोंद का?

सांजवेळ:
तुम्हाला जखमा उकरायच्याच आहेत तर उकरा. माझ्या मामाचं नाव अशाच एका यादीत आहे. माझ्या आईला ते दरवर्षी वर्गात वाचलेलं नको होतं. पुस्तकाला जेवढा हक्क आहे तेवढा तिलाही आहे.

पाटीपेन्सिल:
हे माहीत नव्हतं. 'ज्याचं काही गेलेलं नसतं' हे वाक्य तुमच्यापुरतं मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही.

जुना फळा:
खडू सरांचा बोस्निया मला रात्रभर छळत राहिला. वेगळ्या दारांची शाळा नुसती उघडून काही होत नाही, हे मान्य करावं लागतंय. माझ्या लिखाणातला 'आधी' हा शब्द काढतो. 'आपोआप'ही काढतो. पण अंगठा देणाऱ्या आजीच्या नातवाला आज हा धागा लिहिता येतो तो शाळेमुळे, हे उंबरठा यांनीही एकदा लिहावं.

उंबरठा:
लिहितो. शाळेमुळे. त्या शाळेत मला आजीनेच बोटाला धरून नेऊन बसवलं, तेवढं पुढे जोडून.

पाटीपेन्सिल:
खडू सर, त्या दोन मुलांचं पुढे काय झालं?

खडू:
दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत, पण बसले. तिसऱ्या महिन्यात एकाच्या वडिलांनी त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. मी तिथे कोणालाच बसवलं नाही. राहिलेला मुलगा वर्ष संपेपर्यंत बाकाच्या अर्ध्याच भागावर बसायचा, दप्तरसुद्धा पलीकडे ठेवायचा नाही.