नाइटक्लबवरून तीन दिवसांचं पॅव्हेलियन, सरांना कसं पटवू?

कच्चा_आराखडा: आर्किटेक्चर, चौथं वर्ष. कॉलेजच्या फेस्टसाठी ३० बाय ४० फुटांचं पॅव्हेलियन (तात्पुरता मंडप) करायचंय आणि मला नाइटक्लबचा रेफरन्स घ्यायचाय, म्हणजे आत शिरलं की बाहेर कॉलेज आहे हेच विसरायला झालं पाहिजे, पण सर म्हणतात धूर सोडला, लाईट फिरवले की झालं का आर्किटेक्चर? काय सांगू त्यांना? बजेट यथातथाच.

जुनी_ताडपत्री: फ्लॉरेन्सचा स्पेस इलेक्ट्रॉनिक दाखव. १९६९, ९९९९ नावाच्या आर्किटेक्ट पोरांच्या ग्रुपने इंजिन दुरुस्तीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये केलेला डिस्को. वर पॅराशूट टांगलं, बसायला वॉशिंग मशीनचे ड्रम, म्हणजे निम्मं सामान भंगारातलंच 😄 बाकी सगळं काम प्रोजेक्टरचं. आणि १९७१ला त्याच क्लबात चक्क भाजीचा मळा लावला होता. एकही भिंत न हलवता.

पिवळा_पट्टा: मला मँचेस्टरचा हासिएंडा क्लब जास्त पटतो. १९८२, डिझाइन बेन केलीचं, आधी तिथं यॉटचं शोरूम होतं. लोखंडी खांब नेमके डान्स फ्लोअरवर आले, तर ते झाकायच्या भानगडीत न पडता कारखान्यात असतात तसे धोक्याचे काळे-पिवळे पट्टे मारले आणि फ्लोअरच्या कडेला रस्त्यावर रात्री चमकतात ते कॅट्स आय बसवले. लोकांच्या लक्षात राहिले ते ते पट्टेच. इमारत २००२ला पाडली, आता तिथं फ्लॅट आहेत. तुझ्या जागेत काय आडवं येतंय ते आधी बघ, थीम नंतर.

वासे_सुतळी: आमचा मंडपाचा धंदा आहे म्हणून सांगतो, खरी गंमत दारात असते. गणपतीत गुहेचा देखावा करतो तेव्हा माणसाला सरळ आत घेतच नाही, काळ्या कापडाच्या बोळातून दोन वळणं देतो, तेवढ्यात डोळे अंधाराला सरावतात आणि मग आत एक साधा पार लाईट (स्टेजवरचा डब्यासारखा दिवा) पण भारी वाटतो. बाहेर जायची वाट वेगळी आणि रुंद ठेव. कापडाजवळ हॅलोजन अजिबात नको, एलईडीच घे.

कच्चा_आराखडा: वळणाचं डोक्यातच नव्हतं!! दादा, पॅराशूट कुठे मिळेल?

वासे_सुतळी: पॅराशूट कशाला, मंडपाचं कापड मधोमध उचलून बांध, तसाच घेर येतो. उद्या दुपारनंतर गोडाऊनला ये, सकाळी एका लग्नाचं उतरवायचंय.