उठावदार भरतकाम शिकवायचंय, पण बुलियनपाशीच गाडी अडतेय

रेशीमगुंता:
नमस्कार मंडळी. साधं भरतकाम मला चांगलं येतं. साखळी, काजटाका, गाठी यांवर हात बसलेला आहे. आता ओळखीतल्या काहीजणी मागे लागल्यात, की कापडावरून उठून दिसणारी फुलं शिकव. हो म्हणून बसले खरी, पण बुलियन, म्हणजे सुईवर दोऱ्याचे वेढे घेऊन त्यांतून सुई ओढून काढायचा टाका, तो करताना वेढे सुईवर छान बसतात आणि सुई ओढायला गेलं की अडकते. मग ओढाताणीत वेढे एकमेकांवर चढतात. हौसेने रेयॉनचा दोरा आणला तर त्याचे पेडच सुटतात. त्यात शिकणाऱ्यांपैकी एकजण डावखुरी. कुठून सुरुवात करू?

उलटीटीप:
ताई, आधी सुई बदला. नेहमीच्या भरतकामाच्या सुईचं नेढं दांडीपेक्षा रुंद असतं, वेढे तिथेच अडकतात. मिलिनर सुई मागा, तिलाच स्ट्रॉ नीडल म्हणतात. लांब असते आणि नेढं दांडीइतकंच जाड. नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते. सुती दोऱ्याचे सहाही पदर घेणार असाल तर १ नंबरची घ्या. ओढताना वेढे चिमटीत हलकेच धरा, आवळू नका. आवळून वेढे घेणाऱ्यांची सुई नेमकी अडते, मग दोष बिचाऱ्या टाक्याला.

आता रेयॉन. ब्राझिलियन भरतकामाचा दोरा म्हणून मिळतो तो असेल, तर त्याचा पीळच उलटा असतो. दोरा उभा धरून उजेडात बघा. नेहमीच्या सुती दोऱ्यात पेडांच्या तिरक्या रेघा वर जाताना डावीकडे झुकतात, यात उजवीकडे. म्हणून सुती दोऱ्याच्या सवयीने वेढे घेतले की पीळ उसवत जातो. दिशा पाठ करत बसू नका. चार वेढे घ्या. दोरा फिस्कटायला लागला की उलटीकडून घ्या, झालं.

डावखुरीला शेजारी न बसवता समोर बसवा. आरशात बघितल्यासारखं तिला सगळं उचलता येतं. फक्त वेढ्यांपाशी सावध! तिने तुमची नक्कल केली की वेढेही उलटे पडतात, पण दोऱ्याचा पीळ काही आरशात जात नाही. तिचे बुलियन केसाळ दिसायला लागले तर ‘तुझा हात जड आहे’ वगैरे म्हणू नका, तिला वेढ्यांची दिशा फिरवायला सांगा. हे न कळल्यामुळे चांगल्या डावखुऱ्या मुली कंटाळून सोडून देतात, याचा मला फार राग येतो.

आणि सुरुवात बुलियनने अजिबात नको. विणलेली पाकळी शिकवा. पाकळीच्या टोकाशी डोकं येईल अशी टाचणी उभी टोचायची. पायथ्याशी डावीकडून दोरा वर काढून डोक्यामागून वळवायचा आणि उजवीकडे खाली घालायचा. मग मधून वर काढून पुन्हा डोक्याला वळसा. तीन तारा झाल्या. आता टोकाकडून पायथ्याकडे एक वर, एक खाली विणत यायचं, दर ओळ वर सारून घट्ट बसवायची. विणताना सुईचं नेढं पुढे ठेवा, टोकाने दोरा चिरतो. शेवटी टाचणी काढली की पाकळी फक्त पायथ्याशी धरलेली राहते, बोटाने उचलता येते. ती उचलून बघितल्यावर पुढचं शिकायला कुणाला आग्रह करावा लागत नाही.

सातपदरी:
मी मात्र बुलियनच आधी शिकवते. वेढ्यांचा ताण एकदा हाताला कळला की पुढचे टाके सोपे जातात. अजून एक, रिंगमधलं कापड थोडं सैल करून बघा. ढोलासारखं ताणलेलं असलं तर सुई आडवी घालताच येत नाही.

उलटीटीप:
रिंगचं अगदी बरोबर. पहिल्या मुद्द्यावर आपलं जमायचं नाही! ताण विणलेल्या पाकळीतही कळतो, आणि तिथे चुकलं तर शेवटची ओळ तेवढी उसवता येते. बुलियन बिघडला की कात्रीच.

रेशीमगुंता:
सुई बदलली आणि निम्मा प्रश्न सुटला. वेढे खरंच सरकन निघाले! दोघींचेही आभार. आता तारेच्या सुट्या पाकळ्या आणि टाक्यांखाली फेल्टचे (जाड नमद्यासारख्या कापडाचे) तुकडे लावून दिलेला उठाव, हे कितपत लवकर घ्यावं? १७व्या शतकातल्या इंग्लंडमधल्या पेट्यांवरचं स्टंपवर्क, म्हणजे असंच उठावदार भरतकाम, बघितल्यापासून त्या मुलींना तेच हवंय.

उलटीटीप:
फेल्ट लगेच घ्या. उठाव जास्त हवा असेल तर लहान तुकडा खाली आणि मोठा सगळ्यात वर, म्हणजे कडा गोलसर उतरतात. उलट लावलं की पायऱ्या दिसतात.

तार मात्र काजटाका दाट यायला लागल्यावरच. वेगळ्या कापडावर तार टाचून तिच्यावर काजटाका घालायचा, मध्ये भरायचं, मग बाहेरच्या कडेने कापायचं. टाके विरळ असले की कापताना तार उघडी पडते. टोकं मुख्य कापडातून मागे काढून तिथेच शिवून टाका. आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, तारेचं काम धुवायचं नाही. बिनतारेचं असेल तर जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागूनच इस्त्री. आमच्याकडे कुणीतरी प्रेमाने सरळ बाजूने फिरवली होती.

सातपदरी:
😂 ते ‘कुणीतरी’ प्रत्येक घरात असतं.