सिमरोलच्या कुरणात कुसळ माजलंय, मारवेल परत कसं आणावं?

प्रश्न
नमस्कार मंडळी. इंदूरजवळ सिमरोलच्या बाजूला दोन एकर गवताचं रान आहे. वर वीतभर काळी माती, खाली मुरूम, थोडा उतार, पाणी फक्त पावसाचं. मारवेल आणि पवना ही चाऱ्याची चांगली गवतं विरळ झालीत, कुसळ (टोकदार कुसांचं गवत) पसरलंय, गंजी निम्म्यावर आलीय. कापणी दिवाळीनंतर होते. उन्हाळ्यात सगळं नांगरून नवं बी फेकायचा विचार आहे. बी कोणतं, किती आणि खत काय द्यावं?

पहिलं उत्तर
नांगर अजिबात घालू नका. वीतभर माती उतारावर मोकळी केलीत तर पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाईल, शिवाय उरलेली मारवेलची ठोंबं उपटली जातील ती वेगळीच. उताराला आडवे, हातभर रुंदीचे पट्टे दर दोन-तीन मीटरवर दोन-तीन इंच खरवडा आणि बी फक्त तिथे टाका.

माती खोल असेल तिथे मारवेल, मुरूम वर आलाय तिथे अंजन गवत. सगळ्या रानात पेरायचं तर एकरी दोन किलो लागतं, पट्ट्यांपुरतं त्या हिशेबाने कमी. बी यंदाचं ताजं नको, ते सुप्तावस्थेत असतं. गेल्या हंगामाचं घ्या आणि आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहा.

हे बी फुसकं, लवदार असतं, वाऱ्याने उडतं. म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू असं कालवून बारीक गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. पाऊस लागायच्या तोंडावर टाका. सगळ्यात जास्त पेरण्या फसतात त्या बी खोल गेल्यामुळे. एक सेंटीमीटरच्या खाली गेलेला कोंब वर येत नाही. वरून काटेरी फांदी ओढली की पुरे.

बी मिळालं नाही तर जुलैत मारवेलची मुळासकट ठोंबं ५० × ५० सेंटीमीटरवर लावा. मेहनत फार, पण भरवसा बियापेक्षा जास्त.

दुसरं उत्तर
खताबद्दल. एक टन वाळलं गवत साधारण दहा किलो नत्र घेऊन जातं. वर्षानुवर्षं गंजी बाहेर गेली आणि परत काहीच आलं नाही, तर रान विरळ होणारच. पेरताना एकरी एक पोतं (५० किलो) सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचं खत द्या, त्यातून गंधकही मिळतं. पहिल्या वर्षी युरिया नको, तो टाकळा आणि गाजरगवतच खाऊन टाकतात. दुसऱ्या वर्षापासून जुलैअखेर, जमिनीत ओल असताना, एकरी ३५ किलो.

एकरी दोन टन कंपोस्टही हवं. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच बसवलेली पद्धत आहे: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, तीनदा पालटणी, तीन महिन्यांत खत तयार. आपल्या गावाची गोष्ट आपणच विसरावी हे बरं नाही.

पट्ट्यांत गोकर्ण मिसळा. काळ्या मातीत ती छान येते, नत्र धरते. मुरमावर स्टायलो, हाही नत्र धरणारा शेंगवर्गीय चारा. तिचं बी कडक कवचाचं, ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटं बुडवून मग पेरा.

प्रश्नकर्ता
आभार. कुसळासाठी उन्हाळ्यात रान पेटवलं तर?

तिसरं उत्तर
नको, उलट कुसळच वाढेल. त्याचं कूस, म्हणजे दाण्याचं केसासारखं शेपूट, ओल लागली की पिळवटतं आणि दाण्याला जमिनीत ढकलतं. आग वरून निघून जाते, दाणा खाली शाबूत राहतो. त्याचे तुरे दिसू लागताच, कूस पिकण्याआधी कापा. असं दोन-तीन वर्षं लागोपाठ करावं लागेल.

आणि कापणी दिवाळीनंतर कशाला? तोवर गवत पिवळं पडून प्रथिनं निम्म्याहून कमी होतात. निम्मं फुलोऱ्यात आलं की, नवरात्राच्या सुमारास उघाड बघून, चार बोटं बुडखे ठेवून कापा. पेंढी पिळल्यावर ओल जाणवली तर गंजी रचू नका, आतून तापते आणि बुरशी धरते. नव्या पट्ट्यांना मात्र पहिल्या वर्षी हा नियम नाही: तिथलं बी झडू द्या, मगच विळा लावा. वर्षभर गुरं आत सोडू नका, ओल्या काळ्या मातीत खुरांनी कोवळी ठोंबं मुळासकट निघतात.